आकड्याला नाव द्या : गृहपाठातलं उदाहरण पायरीपायरीने कसं सोडवावं

तुमचा प्रश्न असा : मुलगा सातवीत, मुलगी नववीत, दोघंही सेमी इंग्रजीत. सूत्रं पाठ आहेत, फळ्यावर सोडवलेलं कळतं. घरी स्वतः उदाहरण करायला बसलं की मात्र गाडी अडते. मग मोबाइलवर फोटो काढायचा आणि आलेलं उत्तर उतरवून घ्यायचं. आम्हा आईवडिलांना शिकवण्याचा अनुभव नाही, तर पायऱ्या करून घ्यायच्या कशा?

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. दोन्ही विषय एकाच वर्गाला शिकवायला मिळाले याचा मला फार उपयोग झाला. गणिताच्या तासाला जे मूल अपूर्णांकांत चुकायचं, तेच विज्ञानाच्या तासाला रोधांच्या जोडणीत चुकायचं, आणि चूक तीच असायची. वह्या तपासता तपासता लक्षात आलं, की बहुतेक चुका आकडेमोडीच्या नसतात. मूल गुणाकार नीट करतं, भागाकारही नीट करतं. फक्त आपण गुणतोय ते काय आहे, हे त्याला त्या क्षणी ठाऊक नसतं. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं : वहीत उतरलेल्या प्रत्येक आकड्याला नाव हवं. नुसते १२० नकोत. १२० किलोमीटर, जाऊन-येऊन मिळून. नुसते ५०० नकोत. ५०० रुपये, खरेदीची किंमत.

सुरुवात वाचण्यापासून करा. "उदाहरण वाच" म्हटलं की मुलं वाचत नाहीत, आकडे वेचतात. दोन आकडे हाताला लागले की त्यांचं काय करायचं एवढाच प्रश्न डोक्यात उरतो. यावर मी एक साधा उपाय करत असे : आकडे बोटाने झाकायचे आणि उदाहरण मोठ्याने वाचायचं. "एक मोटार गावाहून तालुक्याला एका चालीने गेली आणि त्याच रस्त्याने दुसऱ्या चालीने परत आली. पूर्ण प्रवासातली सरासरी चाल किती?" आता आकडे नाहीत, तेव्हा गोष्ट सांगावी लागते. कोण गेलं, कुठे गेलं, परत येताना जास्त वेळ लागला की कमी? हे सांगता आलं की अर्धं काम झालं. सांगता येत नसेल तर पेन्सिल उचलायचीच नाही.

आता बोट काढा. तालुका ६० किलोमीटरवर आहे. जाताना चाल ताशी ६० किलोमीटर, येताना ताशी ४०. दहातली आठ मुलं झटकन म्हणतात, "५०". साठ आणि चाळीस, भागिले दोन. हे उत्तर चूक आहे हे लगेच सांगू नका. विचारा, "सरासरी चाल म्हणजे काय?" पुस्तकात व्याख्या आहेच : एकूण कापलेलं अंतर भागिले एकूण लागलेला वेळ. मग प्रत्येक ओळ नावासकट लिहायची :

एकूण अंतर = जातानाचे ६० किमी + येतानाचे ६० किमी = १२० किमी
जाताना लागलेला वेळ = ६० किमी ÷ ६० किमी/तास = १ तास
येताना लागलेला वेळ = ६० किमी ÷ ४० किमी/तास = १.५ तास
एकूण वेळ = २.५ तास
सरासरी चाल = १२० किमी ÷ २.५ तास = ४८ किमी/तास

उत्तर ५० नाही, ४८ आलं. का? कारण गाडी ताशी ४०च्या चालीने दीड तास धावली आणि ताशी ६०च्या चालीने एकच तास. संथ चालीचा वाटा मोठा, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. हे कारण मुलाच्या तोंडून आलं पाहिजे. उत्तर बरोबर आलं म्हणून इथे घाई करू नका. या कारणासाठीच सगळा खटाटोप आहे.

तुमच्या मुलीच्या विज्ञानात हीच चूक वेगळ्या कपड्यांत येते. आंघोळीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. बंबातलं १० लीटर पाणी ८०° सेल्सिअसला आहे आणि नळाचं २० लीटर पाणी २०° सेल्सिअसला. दोन्ही एकत्र केली तर तापमान किती? पुन्हा झटकन उत्तर येतं : ८० अधिक २०, भागिले दोन, ५०. इथे मात्र मुलाला हात धरून न्हाणीघरात नेता येतं. गार पाणी गरम पाण्याच्या दुप्पट आहे. मिश्रण बरोबर मधोमध थांबेल का? नाही, गाराकडे झुकेल. एवढं कळलं की मगच सूत्र : उष्ण वस्तूने दिलेली उष्णता = थंड वस्तूने घेतलेली उष्णता. एक लीटर पाण्याचं वस्तुमान एक किलोग्रॅम धरलं आणि अंतिम तापमानाला 'त' म्हटलं, तर

गरम पाण्याने दिलेली उष्णता = १० किग्रॅ × (८० − त)
गार पाण्याने घेतलेली उष्णता = २० किग्रॅ × (त − २०)

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता दोन्हीकडे तीच आहे म्हणून ती लिहिलेली नाही, हेही मुलीने बोलून दाखवावं. समीकरण सोडवलं की ८०० − १०त = २०त − ४००, म्हणजे १२०० = ३०त, म्हणजे त = ४०° सेल्सिअस. आता ताळा : गरम पाणी ८०वरून ४०वर आलं, ४० अंश उतरलं, १० × ४० = ४०० किलोकॅलरी दिली. गार पाणी २०वरून ४०वर गेलं, २० × २० = ४०० किलोकॅलरी घेतली. दिलं तेवढंच घेतलं. जमलं.

ताळा हा फार चांगला शब्द आहे, आणि आजकाल तो वह्यांतून नाहीसा होतो आहे. मुलं उत्तरसूचीत उत्तर पाहतात आणि त्यालाच ताळा समजतात. ताळा म्हणजे आलेलं उत्तर मूळ गोष्टीत परत घालून पाहणं. उत्तरसूची हातात नसतानाही आपण बरोबर आहोत हे कळण्याची सोय. ही सवय ज्याला लागली त्याला परीक्षेत दुसऱ्या कुणाची गरज पडत नाही.

ताळ्याची खरी ताकद शेकडेवारीत दिसते. उदाहरण : दुकानदाराने एक वस्तू ६०० रुपयांना विकली, त्याला शेकडा २० नफा झाला, तर खरेदीची किंमत किती? मुलगा बहुधा असं करेल : ६००चे २० टक्के १२०, ६००मधून १२० गेले, उरले ४८०. सफाईदार आणि चूक. ताळा करायला सांगा. वस्तू ४८०ला घेतली असेल आणि नफा शेकडा २० असेल, तर ४८०चे २० टक्के ९६, विक्री ५७६ला व्हायला हवी. उदाहरणात तर ६०० आहेत. मुलगा स्वतःच थबकतो. इथे विचारायचा प्रश्न एकच : "शेकडा वीस कशाचे?"

मराठीत आपल्याला ही सोय आयती मिळाली आहे. 'कंचेभागुबेव' पाठ करताना त्यात 'चे' का आहे, हे मुलांना कुणी सांगत नाही. पावाचा अर्धा, शंभराचे वीस, किमतीचे पंधरा टक्के. टक्का कधी एकटा उभा राहत नाही, त्याच्यामागे 'चे' असतं आणि 'चे'च्या मागे कुणीतरी असतं. नफा-तोट्यात ते कुणीतरी म्हणजे खरेदीची किंमत. तर मग :

खरेदी १०० रुपये असती तर नफा २० रुपये, विक्री १२० रुपये.
विक्री १२० रुपये असते तेव्हा खरेदी १०० रुपये.
विक्री ६०० रुपये असेल तर खरेदी = ६०० × १०० ÷ १२० = ५०० रुपये.
ताळा : ५००चे २० टक्के १०० रुपये; ५०० + १०० = ६०० रुपये.

ही जुनी त्रैराशिकाची मांडणी. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीत त्रैराशिक सविस्तर मांडलं, आणि आपल्या आजोबांच्या पिढीने दुकानात बसून तोंडी तेच केलं. "इतक्याला इतकं, तर इतक्याला किती" असं वाक्य पूर्ण म्हणायला लावा. वाक्य पूर्ण म्हटलं की आकड्यांना आपोआप नावं मिळतात.

कंचेभागुबेवचा विषय निघालाच आहे तर एक खड्डा दाखवून ठेवते. १० − ४ + ३ हे उदाहरण मुलं 'बे' आधी, 'व' नंतर म्हणून १० − ७ करतात आणि ३ लिहितात. बरोबर उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच मानाच्या आहेत, त्या डावीकडून उजवीकडे करायच्या, भागाकार-गुणाकाराचंही तेच. चारामागचं वजाचं चिन्ह चाराचंच आहे, तिनाला त्याचा संसर्ग होत नाही.

आता बरोबरच्या चिन्हाबद्दल, कारण इथे चांगली मुलंही घसरतात आणि घरात कुणी हटकत नाही. मुलगा वहीत असं लिहितो :

२५ × ४ = १०० + ३० = १३० − १५ = ११५

शेवटचं उत्तर बरोबर आहे. लिहिलेलं मात्र खोटं आहे. पंचवीस चोक शंभर; शंभर अधिक तीस नव्हे. मुलाच्या मनात '=' म्हणजे "आणि मग". सातवीत हे चालून जातं. आठवी-नववीत समीकरणं आली की हेच मूल '='च्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे वापरू शकत नाही, आणि घरच्यांना वाटतं बीजगणितच अवघड आहे. मी मुलांना तराजू काढायला सांगत असे. डाव्या पारड्यात २५ × ४, उजव्या पारड्यात १०० + ३०. तोलतो का? नाही. मग प्रत्येक पायरी नव्या ओळीवर. सातवीत हे जड जातं, पण इथे सूट देऊ नका.

अपूर्णांकांचं थोडक्यात सांगते, कारण शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे. १/२ + १/३ विचारलं की २/५ असं उत्तर येतं. ताळा लगेच करता येतो : २/५ हे अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी कमी झाली? छेद म्हणजे तुकड्याचं नाव, अंश म्हणजे त्या नावाचे किती तुकडे. अर्धकं आणि तृतीयांश ही नावं वेगळी, म्हणून त्यांची थेट बेरीज होत नाही, जशी ३ रुपये आणि ५० पैसे यांची बेरीज ५३ होत नाही. दोघांना षष्ठांश हे एकच नाव दिलं की ३/६ + २/६ = ५/६. सेमीतला मुलगा छेदाला डिनॉमिनेटर म्हणेल, म्हणू द्या. पण तुम्ही समजावताना मराठीतच समजावा. शाळेत शब्द इंग्रजी आणि घरात विचार मराठी, यात काहीही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्हीकडे नुसताच शब्द राहिला तर.

व्यस्त चलनाच्या उदाहरणात तर नाव नसेल तर पायरीच सुचत नाही. १२ मजूर एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर १५ मजूर किती दिवसांत बांधतील? सवयीने त्रैराशिक लावलं तर साडेबारा दिवस येतात. माणसं वाढली आणि दिवसही वाढले, हे गावातला कुठलाही गवंडी ऐकून घेणार नाही. इथे मधली राशी शोधायला शिकवा : काम एकूण किती? १२ मजूर × १० दिवस = १२० मजूर-दिवस. एवढं काम भिंतीत आहे, मग ते कुणीही करो. १२० मजूर-दिवस ÷ १५ मजूर = ८ दिवस. 'मजूर-दिवस' हे नाव लिहिलं की भागाकारात मजूर मजुरांना जातात आणि दिवस उरतात. मुलाला दिवसच हवे होते. एककांनी स्वतःच सांगितलं की गुणायचं की भागायचं.

हेच एककांचं काम विज्ञानात सगळीकडे चालतं. मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे, ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबली, तर ती किती अंतर गेली? मूल ७२ला ५ने गुणतं आणि ३६० लिहून मोकळं होतं. ३६० काय? किलोमीटर? ब्रेक लावल्यावर पुण्याहून निघालेली गाडी महाराष्ट्र ओलांडायला लागेल. आधी एकक जुळवा : ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर, एक तास म्हणजे ३,६०० सेकंद, म्हणून वेग २० मीटर/सेकंद. तो एकसारखा कमी होत शून्यावर आला, म्हणजे सरासरी १० मीटर/सेकंद. १० मीटर/सेकंद × ५ सेकंद = ५० मीटर. नववीच्या मुलीने हेच गतीच्या समीकरणांनी करून पाहावं : त्वरण उणे ४ मीटर/सेकंद वर्ग, अंतर पुन्हा ५० मीटर. दोन वाटांनी एकाच गावी पोचणं हाही ताळाच.

एककाचा विषय आला की मी वर्गात एका विमानाची हकीकत सांगत असे, कारण ती खरोखरच एका गृहपाठाच्या उदाहरणाची हकीकत आहे. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं एक बोईंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधन मोजणारी यंत्रणा बंद होती, म्हणून हिशेब हाताने करायचा होता. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवं. टाक्यांत आधीचं ७,६८२ लीटर होतं. आणखी किती लीटर भरायचं? आठवीचं घनतेचं उदाहरण आहे, अक्षरही जास्त नाही. त्यांनी केलेला हिशेब असा :

७,६८२ × १.७७ = १३,५९७
२२,३०० − १३,५९७ = ८,७०३
८,७०३ ÷ १.७७ = ४,९१७ लीटर, जवळजवळ

गुणाकार, वजाबाकी, भागाकार, सगळं बरोबर. चूक १.७७च्या नावात होती. एक लीटर इंधनाचं वस्तुमान १.७७ पौंड होतं, किलोग्रॅम नव्हे. कॅनडात तेव्हा जुन्या मापांकडून मेट्रिक मापांकडे जाणं चालू होतं आणि हे नवं विमान किलोग्रॅमच्या हिशेबाचं होतं. खरा हिशेब असा हवा होता :

७,६८२ लीटर × ०.८०३ किग्रॅ/लीटर = ६,१६९ किग्रॅ
२२,३०० किग्रॅ − ६,१६९ किग्रॅ = १६,१३१ किग्रॅ
१६,१३१ किग्रॅ ÷ ०.८०३ किग्रॅ/लीटर = २०,०८८ लीटर, जवळजवळ

वीस हजार लीटर लागत होतं, भरलं पाच हजारांच्या आत. हवं होतं त्याच्या निम्मंही इंधन टाकीत नव्हतं. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि काही वेळातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान घारीसारखं तरंगवत गिमली इथल्या हवाईदलाच्या जुन्या तळावर उतरवलं. विमानातली सगळी माणसं वाचली.

वर्गात मी विचारायचे : घनतेचा तक्ता जवळ नसता तर १.७७ किलोग्रॅम चूक आहे हे तुम्हाला कशावरून कळलं असतं? एखादं मूल थोडा वेळ विचार करून सांगायचंच : बाई, एक लीटर पाणी एक किलो असतं, आणि रॉकेल तर पाण्यावर तरंगतं. मग रॉकेल एक किलोपेक्षा कमीच भरेल, पावणेदोन किलो कसं? विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं असतं. जे मूल हे म्हणायचं, त्याच्या वहीत मी घनतेच्या धड्याखाली पूर्ण गुण लिहून द्यायचे. तुमच्या घरातही असे काही पक्के अंदाज असू द्या : पाण्याची एक लीटरची बाटली एक किलो, माणसाची चाल ताशी चार-पाच किलोमीटर, दाराची उंची साधारण दोन मीटर, एक कप चहा दीडशे मिलीलीटरच्या आसपास. उत्तर आलं की या ओळखीच्या वस्तूंशेजारी उभं करून पाहायचं.

रसायनात तर नाव आणि संख्या यांचा गोंधळ हाच सगळा धडा आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, समीकरण संतुलित करा. डाव्या बाजूला ऑक्सिजनचे दोन अणू, उजव्या बाजूला पाण्याच्या रेणूत एकच. मूल काय करतं, तर 'एच टू ओ'च्या 'ओ'खाली बारीक २ लिहून टाकतं. दोन्हीकडे अणू सारखे झाले, आनंद. पण ते आता पाणी राहिलं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखमा धुवायला पाण्यात मिसळून वापरतात ते. अक्षराच्या पायाशी बारीक लिहिलेला आकडा हा नावाचा भाग आहे, त्याला हात लावायचा नाही. पुढे ठळक लिहिलेला आकडा म्हणजे त्या नावाचे किती रेणू. बदलायचा तो हाच. पाण्याचे २ रेणू, त्यासाठी हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १. मोजा : हायड्रोजनचे चार अणू इकडे, चार तिकडे, ऑक्सिजनचे दोन इकडे, दोन तिकडे. अवघड समीकरण असेल तर हरभरे आणि शेंगदाणे घेऊन बसा. मी नववीपर्यंतच्या वर्गांत हे केलं आहे आणि मोठी मुलंही लाजत नाहीत.

आता तुमच्या बसण्याबद्दल. पेन्सिल मुलाच्या हातात राहू द्या. तुम्ही ती घेतलीत की उदाहरण तुमचं झालं. पहिलं उदाहरण तुम्ही पूर्ण सोडवून दाखवलंत तरी चालेल, मात्र मोठ्याने बोलत. का गुणलं, का भागलं ते सांगत. दुसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी त्याच्यासाठी ठेवा. तिसऱ्यात शेवटच्या दोन. चौथं त्याचं. सूत्र आठवत नसेल तर ते सांगून टाका, त्यात कसलाही कमीपणा नाही. सूत्रातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी या उदाहरणात काय बसतं, ते मात्र त्याने सांगावं. चुकलेली पायरी खोडरबराने पुसू देऊ नका. एक तिरपी रेघ मारून खाली नवी ओळ लिहायची. दुसऱ्या दिवशी ती चूक वहीत दिसली पाहिजे, नाहीतर तीच परत होते. आणि रोज पंधरा उदाहरणांचा धोशा लावू नका. तीन उदाहरणं, नावं आणि ताळ्यासकट, पुरे. तुम्हाला उत्तर येत नसेल तर "मला नाही येत, चल पुस्तकात सोडवलेलं उदाहरण ओळीने वाचू" असं सरळ म्हणा, प्रत्येक ओळीला "ही वरच्या ओळीतून कशी आली?" एवढंच विचारलंत तरी तुम्ही शिकवत आहात.

मोबाइलचं म्हणाल, तर तो काढून घेऊन फार काही साधत नाही. उत्तर पाहिलं, ठीक. आता मोबाइल उपडा ठेव, आणि तेच उदाहरण एक आकडा बदलून कर. तालुका ६०च्या ऐवजी ९० किलोमीटरवर ने. ज्याने नुसतं उतरवलं तो इथे अडतो, आणि कुठे अडला ते तुम्हा दोघांना नेमकं दिसतं. (या उदाहरणात अंतर ९० केलं तरी सरासरी ४८च येते. का, हे शोधायला एखादी संध्याकाळ जाऊ द्या.)

शेवटी एक काम सुचवते, ते दोन्ही मुलांना एकाच टेबलाशी बसवून करा. मुलाला हे द्या : एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? मुलीला हे : ४ ओहम आणि ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर परिणामी रोध किती? दोघांना एकमेकांच्या वहीत डोकावू देऊ नका.

सोडवण्याआधी अंदाज घ्या. दोन्ही नळ ४ तासवाले असते तर २ तास लागले असते, दोन्ही ६ तासवाले असते तर ३ तास. म्हणजे उत्तर दोन आणि तीनच्या मध्ये. रोधांचंही तसंच. मग मुलगा लिहील : पहिला नळ तासाला १/४ टाकी, दुसरा तासाला १/६ टाकी, मिळून तासाला ३/१२ + २/१२ = ५/१२ टाकी. मुलगी लिहील : १/४ + १/६ = ५/१२. आणि दोघांपैकी एकजण तरी ५/१२ हेच उत्तर म्हणून चौकटीत टाकेल. अंदाज आधी घेतलेला असला तर चौकट काढतानाच हात थांबेल, कारण ५/१२ दोन आणि तीनच्या मध्ये बसत नाही. ५/१२चं नाव काय, विचारा. मुलाकडे ते 'तासाला इतकी टाकी' आहे; आपल्याला हवेत 'टाकीला इतके तास', म्हणून उलटं करायचं : १२/५ = २.४ तास. हे दोन तास चार मिनिटं नव्हेत आणि दोन तास चाळीस मिनिटंही नव्हेत, ०.४ तास म्हणजे ६० मिनिटांचे चार दशांश, २४ मिनिटं. मुलीकडे १/४ म्हणजे त्या रोधातून एका व्होल्टला किती अँपिअर धारा जाते ते, म्हणजे दोन्ही रोधांतून मिळून एका व्होल्टला ५/१२ अँपिअर, आणि उलटं केलं की २.४ ओहम.

आता दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोघांना विचारा, नळातून पाणी येतं तिथे तारेतून काय येतं?